इंग्रजीच्या पेपरातल्या संज्ञा: दहावी-बारावीची मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना नववीपासून बारावीपर्यंत इंग्रजी शिकवते. खालचे प्रश्न वर्गात, फोनवर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी येतात. उत्तरं देताना एक गोष्ट धरून चालले आहे: यातलं बरंचसं तुम्ही मराठीच्या तासाला आधीच शिकलेला आहात. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे अभ्यास निम्मा होतो. जिथे जुळल्यासारख्या वाटतात पण जुळत नाहीत, तिथे गुण जातात. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवर मी जास्त वेळ घालवला आहे.

फिगर्स ऑफ स्पीच म्हणजे मराठीतले अलंकारच ना? मग पुन्हा वेगळे कशाला पाठ करायचे?

काही थेट तेच आहेत. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, पन म्हणजे श्लेष. हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती. एवढे पाच तरी नव्याने पाठ करू नका. मराठीच्या वहीतलं पान उघडा आणि शेजारी इंग्रजी नाव लिहून टाका.

पण हा तक्ता पुढे नेता येत नाही. अनन्वय, अपन्हुती, व्यतिरेक यांना शालेय इंग्रजीत स्वतंत्र नावं नाहीत. उलट ट्रान्स्फर्ड एपिथेट, अ‍ॅपॉस्ट्रफी, मेटॉनिमी हे आपल्या शालेय अलंकारांच्या यादीत नाहीत. भारतीय अलंकारशास्त्र आणि ग्रीक-लॅटिन परंपरा यांनी भाषेकडे आपापल्या खिडकीतून पाहिलं. दिसलं पुष्कळसं एकच, पण कप्पे वेगळे पडले.

सिमिली ओळखायला ओळीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ शोधायचं, एवढंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एका मुलाने ‘शी लाइक्स द रेन’ या ओळीखाली रेघ मारून शेजारी ‘सिमिली’ लिहिलं होतं. त्याच्या दृष्टीने नियम पाळलेला होता, ‘लाइक’ समोर दिसत होतं! इथे ‘लाइक’ म्हणजे आवडणं. तसंच ‘अ‍ॅज ही एंटर्ड द रूम’ मधल्या ‘अ‍ॅज’चा अर्थ ‘तो आत शिरला तेव्हा’. त्यात तुलना नाही.

मराठीत आपण उपमेचे चार भाग शिकतो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. तीच मोजपट्टी इंग्रजीला लावा. ‘द रोड ले लाइक अ स्लीपिंग स्नेक’ यात रस्ता उपमेय, साप उपमान, निवांत वळणं घेत पडून राहणं हा साधारण धर्म आणि ‘लाइक’ हा साधर्म्यवाचक शब्द. उपमेय आणि उपमान दोन वेगळ्या जातीचे हवेत. ‘हा रस्ता त्या रस्त्यासारखा आहे’ ही नुसती तुलना झाली, अलंकार नव्हे.

मग उत्प्रेक्षेला इंग्रजीत काय म्हणायचं?

मराठीत ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ आले की उत्प्रेक्षा. इंग्रजीत ‘अ‍ॅज इफ’ किंवा ‘अ‍ॅज दो’ने केलेली तुलनाही सर्वसाधारणपणे सिमिलीतच धरतात. वेगळं नाव शोधत बसू नका.

एकाच ओळीत दोन अलंकार दिसले तर कुठला लिहायचा?

जो तुम्हाला नीट समजावता येतो तो. नुसतं नाव लिहिणं म्हणजे उत्तराचा अर्धा भाग, दुसरा अर्धा स्पष्टीकरणात असतो. वर्गात मी एक ओळ देते: ‘द ओल्ड बस कॉफ्ड इट्स वे अप द घाट.’ म्हणजे जुनी बस खोकत खोकत घाट चढली. बहुतेक वह्यांत उत्तर असतं: ‘पर्सोनिफिकेशन, कारण निर्जीव वस्तूला सजीव मानलं आहे.’ ही व्याख्या झाली, आणि ती कुठल्याही ओळीखाली चिकटवता येते.

चांगलं उत्तर त्या बसपर्यंत जातं: ‘खोकणं ही माणसाची क्रिया बसला दिली आहे. त्यामुळे इंजिनाचा अडखळता आवाज ऐकू येतो आणि बस म्हाताऱ्या माणसासारखी थकलेली वाटते.’ दोनच वाक्यं आहेत, पण ओळ वाचून लिहिल्याचं कळतं. दहावीच्या अ‍ॅप्रिसिएशनमध्ये म्हणजे कवितेच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, राइम स्कीम (यमकांची रचना), फिगर ऑफ स्पीच आणि मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात. मुलं पहिले तीन सुबक अक्षरात लिहितात आणि शेवटचे दोन गाइडमधून उचलतात. तपासणाऱ्याला ते पहिल्या शब्दाला कळतं.

अ‍ॅपॉस्ट्रफी म्हणजे तो वर लटकणारा स्वल्पविराम ना? तो अलंकार कसा?

दोन्ही खरं आहे. शब्द एक, कामं दोन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दुसरीकडे वळणं’. भाषण करणारा समोरच्या श्रोत्यांकडून तोंड वळवून तिथे नसलेल्या कुणाला तरी हाक मारतो, तो अलंकार. ‘हे मृत्यो’, ‘अरे समुद्रा’, ‘ओ विंड’ ही हाक अ‍ॅपॉस्ट्रफी. मृत व्यक्तीला, दूर असलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला थेट उद्देशून बोलणं ही त्याची खूण.

वारा ‘रडला’ असं म्हटलं तर पर्सोनिफिकेशन. वाऱ्याला ‘तू का रडतोस?’ विचारलं तर अ‍ॅपॉस्ट्रफी, आणि आत पर्सोनिफिकेशनही आहेच.

चिन्हाबद्दल एवढंच सांगते. ‘इट इज’चं संक्षिप्त रूप लिहिताना ते चिन्ह लागतं, ‘त्याचा, त्याची’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये लागत नाही. बारावीच्या वह्यांतही ही चूक सापडते. आपल्याकडे विरामचिन्हं इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय इंग्रज अधिकारी मेजर कँडींना दिलं जातं. पण हे चिन्ह काही आपल्या लिपीत मुरलं नाही, म्हणून हाताला त्याची सवय नाही.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी डोक्यात शिरतच नाहीत. सोपं काही आहे का?

आहे, पण ते अलंकारांच्या पानावर सापडणार नाही. शब्दशक्तीचा धडा काढा: अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्यात ‘बाबा ताटावर बसले’ हे उदाहरण असतंच. बाबा खरोखर ताटावर चढून बसले का? ताटाशी जोडलेली क्रिया, म्हणजे जेवण, आपण समजून घेतो. ही लक्षणा. मेटॉनिमीचं कामही असंच चालतं: एका गोष्टीचं नाव घ्यायचं आणि तिच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट सुचवायची. ‘मंत्रालयाने परवानगी नाकारली’ म्हणताना इमारत बोलत नाही, आतलं सरकार बोलतं. इंग्रजीत राजसत्तेसाठी ‘द क्राउन’ म्हणतात तेही हेच.

सिनेक्डकीत संबंध भाग आणि संपूर्ण यांचा असतो. ‘कापणीला दहा हात कमी पडले’ यात हात म्हणजे माणसं. भाग सांगून पूर्ण सुचवलं. उलटंही चालतं: ‘भारत जिंकला’ म्हणजे अकरा खेळाडूंचा संघ जिंकला.

आता ‘त्यांनी चूल वेगळी केली’ घ्या. चूल हा घराचा भाग म्हणावा की संसाराची खूण? मी मेटॉनिमी म्हणेन, कारण वेगळा होतो तो संसार, आणि चूल त्याच्याशी जोडलेली वस्तू आहे. कुणी सिनेक्डकी म्हणून नीट कारण दिलं तर मी ते उत्तर चूक ठरवणार नाही. या दोहोंची सीमा पुसटच आहे.

ट्रान्स्फर्ड एपिथेट?

विशेषण आपलं घर सोडून शेजारी राहायला जातं. ‘अ स्लीपलेस नाइट’ म्हणजे रात्रीला झोप आली नाही असं नव्हे, माणसाला आली नाही. विशेषण माणसाचं, बसलं रात्रीच्या पुढ्यात. आपणही ‘बिनझोपेची रात्र’ म्हणतोच की. ओळखायला एक प्रश्न पुरे: हे विशेषण खरं कुणाचं?

ऑक्सिमोरॉन, पॅरडॉक्स आणि अँटिथिसिस या तिन्हींत विरोधच असतो. फरक काय?

फरक आकाराचा आणि हेतूचा आहे. ऑक्सिमोरॉनमध्ये दोन विरुद्ध शब्द एकमेकांना खेटून येतात, ‘डेफनिंग सायलेन्स’सारखे. कानठळ्या बसवणारी शांतता. त्या नावातच गंमत आहे: ग्रीकमध्ये ‘धारदार’ आणि ‘बोथट’ असे दोन शब्द जोडून ते बनलं आहे. पॅरडॉक्स म्हणजे अख्खं विधान वरवर अशक्य वाटतं, पण विचार केला की खरं ठरतं. आपला विरोधाभास तो हाच. अँटिथिसिसमध्ये अशक्य काहीच नसतं. दोन विरुद्ध कल्पना सारख्या रचनेत समोरासमोर ठेवलेल्या असतात: ‘बोलायला पुढे, करायला मागे’ या थाटाच्या.

आयरनी म्हणजे उपरोध, असं लिहिलं तर चालेल?

तीनपैकी एका प्रकाराला चालेल. बोलण्यातली आयरनी, म्हणजे व्हर्बल आयरनी, ही आपल्या उपरोधाच्या आणि व्याजस्तुतीच्या जवळची. पेपर कोरा देऊन आलेल्या मुलाला ‘वा, काय दिवे लावलेस!’ म्हणणं ही ती.

सिच्युएशनल आयरनीत कुणी टोमणा मारत नाही, परिस्थितीच उलटते. अग्निशमन केंद्रालाच आग लागणं, किंवा पोहायला शिकवणारा उथळ डबक्यात बुडणं. ड्रॅमॅटिक आयरनीत प्रेक्षकाला जे माहीत आहे ते रंगमंचावरच्या पात्राला माहीत नसतं. पडद्यामागे खुनी उभा आहे हे आपल्याला दिसतंय आणि नायक निवांत चहा ओततोय. या दोहोंना ‘उपरोध’ म्हटलंत तर उत्तर चुकेल. आणि नुसता दुर्दैवी योगायोग म्हणजे आयरनी नव्हे. सहलीच्या दिवशी पाऊस पडला, तर तो फक्त पाऊस. हवामान खात्याच्या सहलीला अवचित पडला, तर आयरनी.

अ‍ॅलिटरेशनमध्ये एकच अक्षर पुन्हा पुन्हा यायला हवं का?

अक्षर नव्हे, ध्वनी. इंग्रजी स्पेलिंग इथे फसवतं आणि आपली लिपी मदतीला येते. शंका आली की शब्द देवनागरीत लिहून पाहा. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण देवनागरीत ‘स’ आणि ‘क’ वेगळे दिसतात, म्हणजे अ‍ॅलिटरेशन नाही. ‘फोटो’ आणि ‘फिश’ची पहिली अक्षरं इंग्रजीत वेगळी, देवनागरीत दोन्हीकडे ‘फ’, म्हणजे आहे.

अनुप्रासाशी एक फरक लक्षात ठेवा. मराठी अनुप्रासात वर्ण शब्दाच्या आत कुठेही पुन्हा आला तरी चालतो. शालेय इंग्रजीत अ‍ॅलिटरेशन म्हणताना जवळजवळ असलेल्या शब्दांचा सुरुवातीचा व्यंजनध्वनी पाहतात.

राइम स्कीम काढताना दरवेळी एखादी ओळ चुकते. का?

पुन्हा स्पेलिंगच! ‘कम’ आणि ‘होम’ यांचा इंग्रजी शेवट डोळ्यांना सारखा दिसतो, पण यमक जुळत नाही. ‘ब्लू’, ‘थ्रू’ आणि ‘शू’ यांची स्पेलिंगं तीन तऱ्हांची, यमक मात्र चोख. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द समासात पेन्सिलीने देवनागरीत लिहा, राइम स्कीम आपोआप दिसेल. पहिल्या ओळीच्या ध्वनीला ‘ए’, नवीन ध्वनी आला की ‘बी’, जुना परत आला की त्याचं जुनंच अक्षर. दुसरं कडवं सुरू झालं म्हणून पुन्हा ‘ए’पासून मोजायचं नाही, हेही पुष्कळ जण विसरतात.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स एकच का?

नाही. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं पण लय मोजून मापून असते, बहुधा आयंबिक पेंटामीटर (ते पुढच्याच प्रश्नात). फ्री व्हर्सला ना ठरलेलं यमक, ना ठरलेली लय. ब्लँक व्हर्स म्हणजे निर्यमक पण वृत्तबद्ध आणि फ्री व्हर्स म्हणजे मुक्तछंद, असं लक्षात ठेवा. मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्यांत कवी अनिल यांचं नाव पहिल्यांदा घेतात. त्यांनीच पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ही लिहिली, म्हणजे बंधन मोडणाऱ्या माणसाने स्वतःसाठी नवं बंधन घडवलं.

आयंबिक पेंटामीटर मोजता येत नाही. आम्हाला लघु-गुरू येतात, ते इथे चालत नाहीत का?

चालत नाहीत, आणि का चालत नाहीत हे कळलं की ही संज्ञा पुन्हा विसरणार नाही.

मराठी वृत्त उच्चाराला लागणारा वेळ मोजतं. ऱ्हस्व लघु, दीर्घ गुरू, आणि तीन-तीन अक्षरांचे गण. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत: प्रत्येक चरणात चार ‘य’ गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा, एकूण बारा अक्षरं. अभंगात तर लघु-गुरूही पाहत नाहीत. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, झालं.

इंग्रजी कविता आघात मोजते. शब्दाच्या कुठल्या तुकड्यावर जोर पडतो ते. ‘अबाउट’, ‘बिफोर’, ‘टुडे’ म्हणून पाहा. पहिला तुकडा हलका, दुसऱ्यावर जोर. हलका-जड अशी ही जोडी म्हणजे आयंब. ‘वॉटर’, ‘गार्डन’मध्ये उलट, जड-हलका. त्याला ट्रोकी म्हणतात. पेंटा म्हणजे पाच. पाच आयंब सलग आले की आयंबिक पेंटामीटरची एक ओळ, साधारण दहा तुकड्यांची.

अडचण अशी की आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना सगळ्या तुकड्यांवर सारखाच जोर देतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. आणि आत्तापर्यंत कामाला आलेली देवनागरीची युक्ती इथे संपते, कारण आपल्या लिपीत आघाताला चिन्हच नाही. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम म्हणून वापरला तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद म्हणून वापरला तर दुसऱ्यावर. तोंडाने म्हणा, टेबलावर बोटाने ठेका धरा. डोळ्यांनी वाचून हे जमणार नाही. वर्गात आम्ही बाक वाजवतो, आणि शेजारच्या वर्गाच्या तक्रारी येतात.

सॉनेटच्या चौदा ओळी कशा विभागायच्या?

दोन मुख्य पद्धती. इटलीच्या पेत्रार्कच्या नावाने ओळखली जाणारी आठ अधिक सहा: आठ ओळींत विचार मांडायचा, नवव्या ओळीशी वळण घ्यायचं. शेक्सपिअरची चार-चार-चार-दोन: राइम स्कीम एबीएबी, सीडीसीडी, ईएफईएफ, जीजी, आणि शेवटच्या दोन ओळींत टोला. त्याच्या 154 सॉनेट्सचं पुस्तक 1609 मध्ये छापलं गेलं. चौदा ओळी मोजून ‘सॉनेट’ लिहू नका. वळण कुठल्या ओळीला आहे ते सांगा, तिथे कवितेचा जीव असतो.

मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला. ते त्याला ‘चतुर्दशक’ म्हणत, ‘सुनीत’ हे नाव नंतर रूढ झालं. केशवसुतांचं खरं नाव कृष्णाजी केशव दामले. त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले म्हणजे 1911 चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणारे. एकाच घरातून मराठीला सॉनेट मिळालं आणि व्याकरणाचा जाडजूड ग्रंथही. मुलं कवितेच्या तासाला जागी असतात आणि व्याकरणाच्या तासाला पेंगतात, तेव्हा मी या दोन भावांची गोष्ट सांगते. पुढचे प्रश्न धाकट्या भावाच्या प्रांतातले.

पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, बरोबर?

चूक. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

‘रामाने आंबा खाल्ला.’ मराठीत हा कर्मणी प्रयोग. का? क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. आता इंग्रजी: ‘राम एट अ मँगो.’ हा अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस. वाक्य तेच, घटना तीच, पण एका भाषेत कर्मणी आणि दुसऱ्या भाषेत अ‍ॅक्टिव्ह.

कारण दोन्ही भाषा वेगळा प्रश्न विचारतात. मराठी प्रयोग विचारतो, क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं? इंग्रजी व्हॉइस विचारतो, सब्जेक्टच्या खुर्चीत कोण बसलंय, करणारा की सोसणारा? इंग्रजी भूतकाळात ‘एट’ला लिंगाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे मराठीचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

खरा पॅसिव्ह मराठीत आणायचा तर ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ म्हणावं लागेल. व्याकरणात त्याला नवीन कर्मणी म्हणतात, तो इंग्रजीच्या वळणाने आलेला. घरात असं कुणी बोलत नाही, सरकारी पत्रात मात्र ‘आपणांस कळविण्यात येते’ सर्रास असतं. आणि ‘आईने मुलीला बोलावले’ हा भावे प्रयोग. इंग्रजीत तोही मुकाट्याने अ‍ॅक्टिव्ह होतो.

पॅसिव्ह कधी वापरायचा? करणारा माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तेव्हा. बसमध्ये पाकीट मारलं गेलं, कुणी मारलं ठाऊक नाही: ‘माय वॉलेट वॉज स्टोलन.’ इथे ‘बाय समवन’ जोडायची मुळीच गरज नाही.

आयएनजी लागलं की जेरंड का पार्टिसिपल, कसं ओळखायचं?

मराठी करून पाहा. ‘स्विमिंग’चं मराठी ‘पोहणं’ होत असेल तर जेरंड, कारण ते नामाचं काम करतं. ‘पोहणारा’ किंवा ‘पोहत’ होत असेल तर प्रेझेंट पार्टिसिपल. इंग्रजी तिन्हींना एकच टोपी घालतं, मराठीत प्रत्यय वेगळे असल्याने गोंधळ उरत नाही. धातुसाधित नाम आणि धातुसाधित विशेषण तुम्ही शिकला आहातच.

सगळ्यात छान जोडी: ‘रनिंग वॉटर’ आणि ‘रनिंग शूज’. दिसायला जुळी. पण पहिलं ‘वाहतं पाणी’, म्हणजे पार्टिसिपल. दुसरं ‘धावण्याचे बूट’, म्हणजे जेरंड. बूट स्वतः धावत नाहीत!

कॉम्प्लेक्स सेंटेन्स लिहिताना ‘ऑल्दो... बट’ चूक का? मराठीत तर दोन्ही लागतात.

तेच तर कारण आहे. मराठीत जोड्या चालतात: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो. इंग्रजीत गौण वाक्याला एक जोडशब्द पुरतो. ‘जरी पाऊस होता तरी तो आला’ याचं इंग्रजी करताना ‘ऑल्दो’ लिहिलं की ‘बट’ गळतं, आणि ‘बट’ ठेवलं की ‘ऑल्दो’ गळतं. दुसऱ्या वेळी वाक्य कॉम्प्लेक्स राहत नाही, कंपाउंड होतं. म्हणजे मिश्रचं संयुक्त.

जो–तोची चूक आणखी लपून बसते. ‘जो मुलगा काल आला तो माझा मावसभाऊ’ याचं मुलं ‘द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय कझिन’ करतात. तो ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. खोडा.

रिपोर्टेड स्पीचमध्ये काळ आणि सर्वनामं का बदलायची? ‘की’ लावलं की झालं ना?

मराठीत झालं. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ यात ‘मी’ म्हणजे तोच, सांगणारा नव्हे, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मराठीत ‘की’च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात.

इंग्रजी ‘दॅट’ला हे चालत नाही. ‘ही सेड दॅट आय वुड कम’ लिहिलंत तर येणारा माणूसच बदलला, आता तुम्ही येणार! म्हणून ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. सर्वनाम, काळ आणि ‘उद्या’ हे तिन्ही सांगणाऱ्याच्या जागेवरून पुन्हा मोजायचे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशा कायम सत्याचा काळ मात्र तसाच ठेवता येतो.

अ‍ॅन कधी लावायचं? ए, ई, आय, ओ, यू पाठ आहेत तरी चुकतं.

स्पेलिंगमधले स्वर विसरा आणि पुन्हा देवनागरीकडे या. पुढचा शब्द देवनागरीत अ ते औपैकी कशाने सुरू होत असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजनाने होत असेल तर ‘अ’. ‘अवर’ अ-ने सुरू होतो, म्हणून अ‍ॅन. ‘युनिव्हर्सिटी’ य-ने, म्हणून अ. ‘वन-वे रोड’ व-ने, म्हणून अ. ‘एसएससी स्टुडंट’ ए-ने, म्हणून अ‍ॅन. आपल्याच परीक्षेचं नाव लिहिताना निम्मी मुलं ‘अ एसएससी स्टुडंट’ लिहितात.

थीम लिहा म्हटलं की आम्ही सारांश लिहितो. फरक काय?

सारांश म्हणजे काय घडलं. थीम म्हणजे त्यातून कशाबद्दल बोललं गेलं. ‘एक म्हातारा रोज स्टेशनवर मुलाची वाट पाहतो’ हा सारांश. ‘आशा वस्तुस्थितीपेक्षा जास्त काळ टिकते’ ही थीम. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असं गृहीत धरून ‘द पोएट इज सॅड’ लिहू नका. बोलणारा कवीने उभा केलेलं पात्र असू शकतो, म्हणून ‘स्पीकर’ हा शब्द वापरा. टोन म्हणजे त्या बोलणाऱ्याची वृत्ती. मूड म्हणजे वाचताना तुमच्या मनात तयार होणारं वातावरण.

तोंडी परीक्षेत ही नावं उच्चारायची कशी?

हायपर्बली, चार तुकडे, जोर ‘पर्’वर. ‘हायपरबोल’ नव्हे. सिमिली, तीन तुकडे, ‘स्माइल’शी काही संबंध नाही. सिनेक्डकी, शेवटी ‘की’. मेटॉनिमीत जोर ‘टॉ’वर. ऑनोमॅटोपीया अडखळत असेल तर पाच मिनिटं जिन्यावरून चढता-उतरताना म्हणा, एका पायरीला एक तुकडा. त्याचा अर्थ ध्वनीवरून शब्द घडवणं. खळखळ, सळसळ, किणकिण, टपटप, रिमझिम... याची उदाहरणं मराठी मुलाला शोधावी लागू नयेत.

गाइडमध्ये एका ओळीला मेटाफर दिलंय, क्लासच्या नोट्समध्ये पर्सोनिफिकेशन. कुणाचं खरं?

ओळ पाठवा. दोघांचं नको, आधी तुम्हाला काय वाटतं ते कारणासह लिहून पाठवा. मी रात्री दहानंतर फोन बघत नाही.